वंगणानंतरचा भाव

सुट्टीत तिकीट महाग आणि शाळा सुरू असताना स्वस्त, ही युक्ती हल्लीच कोणीतरी शहरात शोधून काढली असं आमच्या चिरंजीवांना वाटतं. गेल्या दिवाळीत ते आम्हाला नागपूरकडच्या एका पाण्याच्या बागेत घेऊन गेले होते. घसरगुंड्या, उंच पाळणे, खोट्या लाटा असं बरंच काही तिथं असतं. खिडकीवर गेल्यावर कळलं की सणाच्या दिवसांचा दर वेगळा, आणि तोही सकाळी मोबाइलवर दिसला होता त्याहून चढलेला. चिरंजीव खवळले. "ही सरळ लूट आहे," ते खिडकीतल्या मुलीला म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "सर, मागं लाइन आहे." चिरंजीवांनी वळून आपल्या मुलांकडे पाहिलं आणि निमूटपणे पैसे दिले.

त्या मुलीनं चिरंजीवांकडे पाहिलंच नव्हतं, तिनं नातवंडांकडे पाहिलं होतं. तिला तिचं काम येत होतं, आणि ते मला ओळखता आलं, कारण जन्मभर मी तेच केलं. आधी जत्रेतला पाळणा, मग फिरती टॉकीज, मग गावातली पक्की टॉकीज. जागा बदलल्या, बूड मात्र तिकिटाच्या टेबलामागंच राहिलं. तुमच्या दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी मागितल्यात. टॉकीजच्या गमती सांगणारे दुसरेही सापडतील तुम्हाला. मी पाळण्याचं सांगतो. ते सांगायची लाज वाटते म्हणून इतकी वर्षं तोंड मिटून होतो, पण आता लाजायचं तरी किती दिवस.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. वाशिम हा जिल्हा नव्हता, आमचा सगळा मुलूख अकोल्यात मोडायचा. कारंजाकडं पांडुरंग मिस्त्री नावाचा सुतार होता. त्यानं स्वतःच्या हातानं सागवानी रहाटपाळणा केला होता. आताच्या मानानं पाहाल तर बुटका, पण त्या काळी आमच्या गावांत त्याहून उंच फक्त देवळाचा कळस असायचा. इंजिन-बिंजिन काही नव्हतं. दोन गडी खालून ढकलायचे आणि तिसरा आऱ्यांवर चढून आपलं वजन टाकत चाक खाली आणायचा. लोक तेही पाहायला उभे राहायचे. पाळणा उलगडून दोन बंड्यांवर, म्हणजे बैलगाड्यांवर, रचायचा, जत्रेच्या गावी नेऊन पुन्हा जोडायचा, आणि जत्रा उठली की पुढच्या गावाला.

मी आसेगावजवळच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. शाळा बऱ्यापैकी झाली होती आणि आवाज खणखणीत होता. मिस्त्रीला आवाजच हवा होता. पाळण्याजवळ त्यानं माझ्यासाठी माचा बांधला, शेतात राखणीला बांधतात तसा, पण बुटका. त्यावर बसून मी पैसे घ्यायचे आणि रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून केलेला बिल्ला द्यायचा. बिल्ला गड्याला दिला की पाळण्यात बसायला मिळायचं. माणूस बसला की बिल्ला परत माझ्याकडं. म्हणजे कागदाचा खर्चसुद्धा नाही.

आता भावाचं सांगतो. पाळण्यावर भावाची पाटी नव्हती. बाहेरच्यांना वाटायचं, मिस्त्रीला लिहिता येत नाही म्हणून नसेल. पाटी नव्हती कारण पाटीवरचा भाव वाढवायचा म्हणजे लोकांसमोर पुसावा लागतो. तोंडचा भाव पुसावा लागत नाही. मंगरूळच्या आठवडी बाजारात आम्ही आणा घ्यायचो. जत्रेच्या आदल्या दिवशी दोन आणे. जत्रेच्या दिवशी सकाळी दोन, उन्हं कलली की तीन, आणि पोरांची गर्दी दाटली की चार. ज्या वर्षी नवे पैसे निघाले त्या वर्षी तर आमची चंगळ झाली. कोणाच्या कमरेला जुने आणे, कोणाच्या कमरेला नवे पैसे, कशाचे किती होतात हे कोणालाच धड कळेना. मिस्त्री म्हणाला, "नव्या पैशात आणा बरोबर बसत नाई म्हणते सरकार. नाई बसत तं वरचं आपण ठेवून घेऊ."

मिस्त्री चोर नव्हता, हे मात्र मी शपथेवर सांगीन. एकदा मी त्याला विचारलं होतं की बाजारात आणा आणि जत्रेत चार, हे बरोबर दिसतं का. तो रंधा खाली ठेवून म्हणाला, "नामा, पावसाळाभर हे लाकूड तेल खाते. गडी भाकर खातेत. तूबी खातं. बाजारात मी पाळणा फिरवतो तो निस्ता हात चालू राहावा म्हून. वर्ष काढाचं ते ह्या जत्रायवरच. लेकराले घेऊन बाप जत्रेत येते एक डाव. त्या दिवशी नाई घेतले तं कवा घेऊ?" ह्यात खोटं काहीच नव्हतं. आजच्या त्या पाण्याच्या बागेचा मालकही हेच सांगेल, फक्त कोट घालून.

पण भाव नुसता वाढवता येत नाही. लाइनीत उभ्या माणसाला तुम्ही सरळ सांगितलं की मघाशी तीन होते, आता चार, तर तो भांडतो. म्हणून वंगण होतं. बंडीच्या कण्याला घालतात तेच काळं वंगण. गर्दी ऐन भरात आली की मिस्त्री शीळ घालायचा, गडी पाळणा थांबवायचे, आणि मिस्त्री वंगणाचा डबा घेऊन कण्यापाशी बसायचा. काही नसायचं तिथं करण्यासारखं. तो नुसता बोट फिरवत राहायचा. लाइन वाढत जायची. पुढच्या पोरांनी पाळण्याभोवती ताणलेला दोर धरलेला असायचा, पाळणा हातभर अंतरावर, आणि तो काही हलत नाही. उन्हात ती रडकुंडीला यायची. मग मिस्त्री उठायचा आणि मी हाक द्यायचो, "झालं वंगण. आता गुळगुळीत फिरते पाळणा. चार आणे." दोराला हात लागलेलं पोर मागं ओढून नेणारा बाप मी तरी फार पाहिले नाहीत.

तरी कोणी घुटमळलाच, तर माझी हाक होती. हे काम मिस्त्रीनं शिकवलं नव्हतं, माझं मीच शिकलो, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान होता. माच्यावरून लाइन पाहायची आणि घुटमळणारा माणूस नेमका हेरायचा. त्याच्या कपड्यावरून त्याला हाक मारायची, म्हणजे सगळी लाइन त्याच्याकडं वळून पाहते. नवा जावई तर ओळखायलाही लागत नाही. नवं धोतर, कडक टोपी, आणि मागं मेव्हणे-मेव्हण्यांचं लटांबर. आमच्याकडं लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत जावयानं बायकोच्या लहान भावंडांना पाळण्यात बसवायचंच असतं. मी ओरडायचो, "आले आले, जवाईबापू आले. जागा करा." मग त्यानं भाव विचारायची सोय उरत नसे. धनजकडच्या एका जावयाला मी असंच चढवलं. तो ताठ्यात सासऱ्यालाही शेजारी घेऊन बसला आणि तिसऱ्या फेऱ्याला सासऱ्याच्या फेट्यावर ओकला. सासरा बिचारा फेटा झटकत म्हणे, "पोट भरून जेवू घातलं होतं, त्याची पावती भेटली." ती गोष्ट आम्ही हंगामभर सांगून हसलो.

अशी माणसं पुष्कळ भेटली. एक म्हातारी होती, ती दरवर्षी कोंबडी काखेत घेऊन बसायची. खाली कोणापाशी ठेवली तर परत मिळेल याचा तिला भरवसा नव्हता. कोंबडीचं तिकीट मागितलं तर म्हणाली, "कोंबडी अंडं देईन तं अर्धं तुमचं."

पण मला आठवतात ते दोराजवळ उभे राहणारे बाप. ते लेकरांचे पैसे द्यायचे. बायकोचेही द्यायचे. गडी म्हणायचा, "चला दादा, बसा." मग तो माणूस जरा हसून म्हणायचा, "मले चक्कर येते." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते बोलायच्या आधीच मला माणसाच्या तोंडावर दिसायचं. ताडामाडाएवढे गडी, विहिरीत उतरून गाळ काढणारे, आणि सगळ्यांना म्हणे चक्कर येते. भाव तीनवर गेला की चक्कर येणारे वाढायचे. चारवर गेला की दोराजवळ जागा नसायची. मी आणि गडी त्यावर हसायचो. "आज चक्करवाले लय आहेत," असं आम्ही मिस्त्रीला सांगायचो आणि त्यावरून मिस्त्री भाव पुढं न्यायचा की थांबायचा ते ठरवायचा. म्हणजे त्या लोकांच्या शरमेवर आमचं गणित चालायचं. त्या वयात हे असं शब्दांत मांडायची बुद्धी नव्हती.

आता घरचं. माझ्या वडिलांना माझं काम पसंत नव्हतं असं म्हणणं बरोबर नाही. ते त्यावर काही बोलतच नसत. शेती बेताची होती, पण खळ्यावर धान्य मोजायला आसपासच्या गावांतून बाबांना बोलावणं यायचं, कारण त्यांच्या मापाबद्दल देणाराही तक्रार करत नसे आणि घेणाराही. मी हंगाम संपवून घरी यायचो, पैसे आईपाशी द्यायचो, आणि ती ते वेगळे ठेवायची. घरखर्चात मिसळायची नाही. कारण विचारलं तर म्हणायची, "तुहे बाबा म्हणतेत, तो काय करते ते मले अजून समजलं नाई. समजलं का मिसळू."

तेवढ्यात माझ्या लग्नाचं निघालं. धनजच्या एका शेतकऱ्याच्या मुलीचं स्थळ होतं, वच्छलाचं. मुलीच्या वडिलांनी बाबांना विचारलं, पोरगा काय करते. बाबा म्हणाले, जत्रेतल्या पाळण्यावर आहे. पाहुण्यांचा चेहरा पडला. जत्रेतली माणसं म्हणजे दारू, जुगार आणि नाच, असा लोकांचा समज होता, आणि तो अगदीच खोटा होता असंही नाही. तेव्हा बाबा म्हणाले, "मी सोता जाऊन पाहून येतो. मंग तुमाले सांगतो, पोरगी द्याची का नाई." आईनं हे मला निरोपातून कळवलं. म्हणजे माझं लग्न होणार की नाही, ते बाबा माझ्या कामाबद्दल काय सांगतात त्यावर होतं. आणि लग्नापेक्षाही मला हे हवं होतं की एकदा त्यांनी माझं काम पाहावं आणि आईला म्हणावं, मिसळ ते पैसे. मला वाटायचं, माझा रुबाब पाहिला की ते म्हणतीलच. अक्कल बघा माझी.

रामनवमीला पोहरादेवीला आमचा पाळणा लागला होता. दूरदूरच्या तांड्यांवरून आणि खेड्यांतून बंड्या लोटल्या होत्या. बाबा येणार हे ठाऊक होतं, पण कोणत्या वेळी येतील ते नव्हतं. मला वाटलं, आले की आधी मला भेटतील, मी त्यांना सावलीत बसवीन, मिस्त्रीची ओळख करून देईन. ते तसं काहीच करणार नाहीत, हे मला कळायला हवं होतं. ते थोरल्या भावाची मुलं आणि शेजारच्या सुभद्राबाईची मुलं घेऊन आले आणि सरळ लाइनीत उभे राहिले.

ऊन माझ्या तोंडावर होतं. भाव तीनवर होता. मिस्त्रीनं शीळ घातली, पाळणा थांबला, वंगण सुरू झालं. लाइन वाढली, पोरं कुरकुरायला लागली. वंगण संपलं आणि मी चार आण्यांची हाक दिली. लाइनीच्या तोंडाशी एक पांढऱ्या पटक्याचा म्हातारा खाली वाकून एका पोराचं नाक पुसत होता. भोवती चारदोन पोरं, आणि हात मात्र कमरेच्या पिशवीकडं जात नव्हता. मी हेरला. आणि सगळ्या जत्रेला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"ओ पांढऱ्या पटक्याचे आजोबा, पिशवीले गाठ मारून जत्रेले आले काय? सोडा तिले. नातवाले खालीच ठेवता का काय?"

लाइन हसली. म्हातारा सरळ उभा राहिला. ते बाबा होते.

मी माच्यावरून उतरलो की नुसता उठलो, मला आठवत नाही. बाबा पुढं आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"भाव काय आहे?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तुमी जा ना आत. बसा लेकरायले घेऊन."

"भाव पुसून राह्यलो मी."

"चार आणे."

"मघा तीन म्हणत होता तू."

"हो."

"मंग मधात काय झालं?"

"वंगण केलं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

बाबांनी कण्याकडं पाहिलं. बंडी हाकण्यात जन्म गेलेला माणूस. सकाळचं वंगण कण्यावरून ओघळून खाली धुळीत पडलेलं होतं, ते कोणालाही दिसलं असतं. खाली बसून त्यांनी पिशवी सोडली. त्यांनी घरून निघताना आण्याचा हिशोब केला असेल, फार तर जत्रा म्हणून दोनाचा. रेवड्यांचे आणि नारळाचे पैसे वेगळ्या गाठीत होते. ती गाठही त्यांनी सोडली. सगळ्या पोरांचे पैसे माझ्या हातावर ठेवले. मी ते घेतले. लाइनीतले लोक पाहत होते, आणि माझा हात आपोआप पुढं झाला होता, सवयीनं. बिल्ले दिले.

पोरं बसली. पाळण्यात एक जागा उरली. गड्याला काय ठाऊक हे कोण आहेत. तो नेहमीसारखा म्हणाला, "या आजोबा, तुमीबी बसा."

"मले चक्कर येते," बाबा म्हणाले.

चिंचेच्या शेंड्यावर उभं राहून चिंचा झोडणारा माणूस होता तो. गावात कोणाचं घर शाकारायचं असलं की आढ्यावर चढायला पहिलं त्यांना बोलवायचे. गडी माझ्याकडं बघून डोळा मिचकावून हसला, आम्ही नेहमी हसायचो तसा. मी त्याच्याकडं बघू शकलो नाही.

"बाबा, मी भरतो तुमचे," मी हळूच म्हणालो.

"लायनीतल्या समद्याईचे भरतं काय?"

मी माच्यावरचे बिल्ले सारखे करायला लागलो.

"मंग माह्येच कायले भरतं," असं म्हणून ते दोराजवळ जाऊन उभे राहिले. तिथं आधीच बरेच बाप उभे होते. बाबांनी शेजारच्याला अगदी साधेपणानं विचारलं, "तुमालेबी चक्कर येते काय, भाऊ?" तो लाल उपरण्याचा माणूस म्हणाला, "आमच्या गावात तं समद्याईलेच येते, बुवा." तिसरा म्हणाला, "मले मागल्या साली येत नव्हती. औंदाच सुरू झाली." ते सगळे हसले. बाबाही हसले. ते मला टोचून बोलत नव्हते. ते आपापसांत बोलत होते, आणि बाबा त्यांच्यातले होते, मी नव्हतो.

हे झालं तिथंच मी काम टाकून उठलो, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. थोड्या वेळानं मिस्त्रीनं पुन्हा शीळ घातली. वंगण झालं. मी हाक द्यायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. मिस्त्री ओरडला, "नामा, आवाज काढ ना." मग मी काढला. एक बाई मुलाला कडेवर घेऊन घुटमळत होती, तिला हिरव्या लुगड्यावरून हाक मारली. लाइन हसली. बाबा दहा पावलांवर उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं. त्यांची पोरं उतरली, त्यांनी एकेकाला मोजून हाताशी घेतलं, आईनं दिलेलं भाकरीचं गाठोडं माच्याच्या पायाशी ठेवलं आणि ते गर्दीत गेले. मी हाक मारली नाही. कोणत्या तोंडानं मारणार.

लग्न मोडलं, हे मी धरूनच चाललो. उरलेला हंगाम मी चिडका झालो होतो, गड्यांच्या अंगावर जायचो. मिस्त्री म्हणायचा, "काहून बे, भूत लागलं काय?" आणि मग घरून निरोप आला की धनजकडून होकार आला, पावसाळ्याआधी उरकून घेऊ. माझा विश्वास बसेना. मला वाटलं बाबांनी फार काही मनावर घेतलं नसेल. घरी गेलो तर माझे आजवरचे सगळे पैसे आईनं घरखर्चात मिसळलेले. मी तिला काही विचारलं नाही. माणसाला हवं ते मिळालं की तो फार चौकशी करत नाही.

लग्नानंतर महिना-दीड महिन्यानं, एका दुपारी मी जेवत होतो आणि वच्छला चुलीपाशी भाकरी थापत होती. नवी नवरी, फार बोलत नसे. त्या दिवशी आपणहून बोलली.

"आमच्या बाबाचं मन होत नव्हतं, तुमाले ठाऊक आहे काय? जत्रेतला पोरगा म्हून नाईच म्हणत होते."

"मंग?"

"मंग मामंजी आले. मी दाराआड उभी होती, समदं आयकलं. बाबानं पुसलं, तुमी पाहून आले ना, सांगा मंग. मामंजीनं पटका काढून मांडीवर ठेवला. मंग म्हणले, मी सोता डोळ्यानं पाह्यलं. ज्याच्यापाशी पैसे नसतेत, त्याच्या लेकरालेबी माहा पोरगा तसाच बसवते. एकाले खाली ठेवलं नाई त्यानं." भाकरी उलटवता उलटवता ती लाजून हसली. "आमचे बाबा म्हणले, तुमचं माप आमाले ठाऊक आहे. तुमी म्हणता तं झालं. आन मलेबी तवाच वाटलं, का देव करो आन हेच घर भेटो."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कोणाचं मूठभर धान्य इकडचं तिकडं केलं नाही, त्यानं माझ्यासाठी परक्याच्या ओसरीवर बसून खोटं सांगितलं होतं. लोकांनी ते मानलं ते माझ्याकडं पाहून नाही, त्यांच्याकडं पाहून. मला संसार मिळाला तो त्यांच्या त्या खोट्यावर. चारचौघांत त्यांना मी खाली पाहायला लावलं होतं, आणि त्यांनी माझी इभ्रत अशी झाकली.

मी एकदा त्यांच्याशी बोलायला गेलो. ते गावाबाहेरच्या आखरावर, गुरं उभी करतात तिथं, बैल बांधत होते. मी म्हणालो, "बाबा, तुमी धनजले जे सांगतलं ते—" त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. "बैलाले पाणी दाखव," म्हणाले. तो विषय तिथंच संपला. ते पुन्हा कधी जत्रेला आले नाहीत, आणि त्यांनी माझ्याकडं एका शब्दानंही ते कधी काढलं नाही.

पण बोललेली गोष्ट आपल्या पायानं हिंडते. पुढच्या रामनवमीला धनजच्या बंड्या आल्या. वच्छलाच्या वडिलांनी गावभर कौतुक केलेलं होतं. त्या गावची पाच-सहा पोरं, अंगात धड सदरा नाही, सरळ माच्यापाशी येऊन उभी राहिली. त्यातली एक मोठी मुलगी न घाबरता म्हणाली, "आमी वच्छीताईच्या गावचे. आमच्यापाशी पैसे नाईत. तुमी बसवता म्हणे."

मी मिस्त्रीकडं पाहिलं. मग बिल्ले दिले. संध्याकाळी मिस्त्रीला म्हणालो, माझ्या पगारातून काप. तो म्हणाला, "येडा झाला काय?" पण कापले त्यानं, चार आण्यांच्या भावानं कापले, आण्याच्या नाही. त्यानंतर मी पाळण्यावर होतो तोवर दरवर्षी ती पोरं आली, त्यांची धाकटी भावंडं आली, आणि मी त्यांना बसवत गेलो. ह्याला कोणी चांगुलपणा म्हणू नका. बाबांचं बोलणं खोटं पडू नये एवढाच माझा हेतू होता. कारण त्याच लाइनीत त्यांच्या मागं दुसऱ्या गावांची पोरं उभी असायची, त्यांचे बाप दोराजवळ उभे असायचे, आणि त्यांच्यासाठी वंगण व्हायचंच. हाकही मीच मारायचो. पुढं टॉकीजवाल्यानं जास्त पगार देऊ केला म्हणून मी पाळणा सोडला, मनाला लागलं म्हणून नाही.

बाबा गेले, मिस्त्री गेला, पाळण्याचं सागवान कोणाच्या तरी घराच्या दाराला लागलं. खरं काय झालं ते माहीत असलेला मी एकटा उरलो. आणि आमची वच्छला अजून पाहुण्यांना सांगते. सोयरीक जुळवायला आलेल्या लोकांना सांगते, सुनांना सांगते, नातवंडांना सांगते. "हे पहिल्यापासूनच असे. गरिबाच्या लेकराले कवा खाली ठेवलं नाई. मामंजींनी डोळ्यानं पाह्यलं होतं." ती हे सांगत असताना मी पानाचा डबा उघडतो, चुना शोधतो, कात शोधतो. सगळे म्हणतात, किती विनयी माणूस आहे. साठ वर्षं होत आली, मी एकदाही तिला म्हणालो नाही की थांब, असं नव्हतं ते.

हा अंक दिवाळीत घरी येईल. ती चष्मा लावून आधी माझंच पान काढणार, आणि नेहमीसारखी मोठ्यानं वाचणार. त्या दिवशी काहीतरी काम काढून कारंजाला जाऊन यावं असं आधी मनात होतं. आता ठरवलंय की कुठं जायचं नाही, तिच्यासमोर बसून राहायचं.